परग्रहावरचा पाहुणा

विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे शहरात एका छायाचित्रकाराचा धंदा पार बसला. त्याच्या हातात कसब नव्हते असे नाही. कारण निराळेच होते. कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या माणसाच्या अंगातली शक्ती ते यंत्र शोषून घेते आणि त्याचे आयुष्य घटते, अशी आवई गावात उठली होती. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आणि दुकानाची पायरी चढावयास गिऱ्हाईक धजेना. हा छायाचित्रकार म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. 1890 मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात शिकावयास आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आजची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा म्हणजेच हे कलाभवन. तेथे त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची विद्या संपादन केली. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचे दुकान थाटले. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेली, आणि हा माणूस रित्या हातांनी बडोद्यास परतला. तेथे त्याच्या वाट्याला ही आवई आली.

चरित्रकारांनी याच काळातली आणखी एक हकीकत नमूद केली आहे. बडोद्याच्या राजघराण्यातील एका राजपुत्रानेही आयुष्य कमी होईल या भयाने छायाचित्र काढून घेण्याचे नाकारले होते. फाळक्यांनी त्याची समजूत घातली, आणि अखेरीस तो कॅमेऱ्यापुढे बसला. त्या काळ्या पेटीकडे पाहताना त्याच्या मुद्रेवर काय उमटले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

याच फाळक्यांनी 1912 मध्ये एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ ठराविक अंतराने टिपली आणि पडद्यावर क्षणार्धात रोपटे वाढताना दाखविले. 1915 च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची लहानशी चित्रफीत केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हालतात आणि त्यांच्या आकृती बनतात. यामागची युक्ती सोपी, पण अंत पाहणारी आहे. काडी तसूभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा चित्र घ्यावयाचे. असे शेकडो वेळा केले म्हणजे पडद्यावर काही क्षण काडी जिवंत होते. आज जिला अॅनिमेशन म्हणतात ती कला या देशात अशी आगकाडीच्या टोकावर उजळली, आणि ती उजळविणाऱ्या हाताला वळण बडोद्याच्या कलाभवनात लागले होते.

अनोळखी यंत्राचे भय आणि निर्जीव वस्तूत येणारा जीव, या दोन गोष्टी ज्या एका कार्टूनपटात एकत्र आल्या आहेत, त्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. चित्रपट अमेरिकन आहे. 1999 साली तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. नाव ‘द आयर्न जायंट’. या नावाचे मराठी रूपांतर करताना बडोद्याचा माणूस जरा अडखळेल. लोहपुरुष म्हणावे, तर गुजरातेत ती पदवी एकाच पुरुषाची आहे, आणि 2018 पासून त्यांचा 182 मीटर उंचीचा पुतळा नर्मदेच्या तीरी, केवडियाला, उभा आहे. तेव्हा येथे लोखंडी महाकाय एवढेच म्हणणे बरे.

कथेचा काळ आहे ऑक्टोबर 1957. त्या महिन्याच्या 4 तारखेस रशियाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह अंतराळात सोडला. अवघ्या 84 किलोंचा तो गोळा बीप बीप असा आवाज करीत पृथ्वीभोवती फिरू लागला, आणि अमेरिकेतल्या लहान-थोर गावांची झोप उडाली. डोक्यावरून जाणारी ही वस्तू कोणाची, तिच्यातून आपल्यावर कोण पाहत आहे, उद्या तिच्यातून काय पडेल? चित्रपटाच्या आरंभी हाच उपग्रह दिसतो, आणि त्याच्याखाली, मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या वादळी समुद्रात, आकाशातून काहीतरी प्रचंड कोसळते. एका मच्छीमाराने ते डोळ्यांनी पाहिलेले असते. अर्थातच त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

किनाऱ्यावरच्या रॉकवेल नावाच्या लहानशा गावात हॉगार्थ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आपल्या आईजवळ राहतो. आई उपाहारगृहात वाढण्याचे काम करते आणि रात्री उशिरा घरी येते. वडिलांचे वैमानिकाच्या पोशाखातले छायाचित्र घरात आहे; वडील नाहीत. मुलगा एकलकोंडा, चुणचुणीत, थोडा बडबड्या. एका रात्री घरातला दूरचित्रवाणी संच एकाएकी बंद पडतो. मुलगा वर जाऊन पाहतो, तो छपरावरची एरिअल कोणीतरी खाऊन टाकलेली! मोडक्या झाडांच्या मागाने तो रानात शिरतो, आणि वीज केंद्राशी त्याला तो दिसतो: झाडांच्या शेंड्यांवर डोके असलेला, दिव्यांसारख्या डोळ्यांचा लोखंडी प्राणी. तो विजेच्या तारा खावयास गेला आणि त्यांतच गुरफटला. विजेचे लोळ त्याच्या अंगावरून धावत आहेत आणि तो वेदनेने ओरडत आहे.

मुलगा पळतो. पळणे साहजिकच आहे. परंतु काही पावले गेल्यावर ती किंकाळी पुन्हा त्याच्या कानी पडते, आणि तो थांबतो, माघारी वळतो, आणि केंद्राचा मोठा खटका ओढून वीज बंद करतो.

साऱ्या चित्रपटाचे मर्म या एका प्रसंगात आहे. हा कोण, कोठला, याचा हेतू काय, यातले एकही उत्तर त्या वेळी मुलाजवळ नाही. ओळख व्हावयाची आहे, भाषा कळावयाची आहे. उपकार आधी घडला आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाची कथा ख्रिस्ताने सांगितली, तिच्यातल्या शोमरोन्यानेही त्या जखमी माणसाला नावगाव विचारल्याचे सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी तो महाकाय मुलाला शोधीत येतो तेव्हा त्याच्या प्रचंड बोटांत उपटून आणलेला तोच खटका असतो. बोलता येत नाही, म्हणून तो ती वस्तू पुढे करतो. रात्री तू हे ओढलेस, एवढे त्याला कळले आहे.

मग भाषेचे शिक्षण सुरू होते. मुलगा दगड दाखवितो आणि दगड हा शब्द उच्चारतो. झाड दाखवितो आणि झाड म्हणतो. महाकाय घोगऱ्या आवाजात ते शब्द परत म्हणतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी मुलाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत आणखी एखादी भाषा, असे ते मूल वाढते. आणि नव्या शेजाऱ्याच्या मुलाशी त्याची मैत्री व्याकरणाने कधी झालेली नसते. आधी गोट्यांचा डाव होतो. लखोटीला गोटी म्हणावयाचे हे मागाहून ठरते.

पुढची मौज सांगण्याजोगी आहे. बकासुराला रोज गाडाभर अन्न लागे. याला लोखंड लागते. तो रेल्वेचे रूळ खातो, मुलाच्या सांगण्यावरून घाईघाईने ते जुळवू लागतो, इतक्यात गाडी येते आणि त्याच्या अंगाचे तुकडे होतात. ते तुकडे आपापल्या जागी परत येऊ लागतात, पण एक हात चुकार वासरासारखा मुलामागे थेट घरात शिरतो. नेमकी जेवणाची वेळ. आई म्हणते, जेवणाआधीची प्रार्थना तू म्हण. मुलगा डोळे मिटतो, आणि एका डोळ्याने दाराशी आलेला तो हात पाहतो. अन्नाबद्दल देवाचे आभार आणि हाताला बाहेर जाण्याच्या आज्ञा एकाच प्रार्थनेत मिसळून जातात, आणि आई चकित होऊन ऐकत राहते. ज्या घरी जेवणापूर्वी प्रार्थना होते त्या घरच्या मुलांना हा प्रसंग पाहून हसू आवरणार नाही. आईबापांनाही आवरू नये.

मुलगा या पाहुण्याला लपविण्यासाठी भंगाराच्या एका आवाराचा आश्रय घेतो. तेथला मालक डीन भंगारातून शिल्पे करणारा कलावंत. लोखंड खाणाऱ्याला भंगाराचे आवार म्हणजे अन्नछत्रच. हा डीन प्रथम घाबरतो, मग चिडतो, मग महाकायाने त्याचीच कलाकृती तोंडात घातली म्हणून कुरकुरतो. आणि हळूहळू त्या मुलाला वडीलधाऱ्याची सोबत मिळते. चित्रपटाला दोष देणारे म्हणतात की, मुलगा आईशी खोटे बोलतो आणि अनोळखी व्यक्तीशी संधान बांधतो. हे मुलांपुढे का ठेवावे? आक्षेप अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. परक्या माणसाच्या मागे जाऊ नये, हे मुलांना सांगावेच लागते. परंतु येथे मुलाच्या खोटेपणाचे ओझे वाढतच जाते आणि ते मोठ्या माणसांनी वाटून घेतल्याखेरीज हलके होत नाही, हेही चित्रपटाने दाखविले आहे.

एके दिवशी रानात हरीण येते. महाकाय आपले एक बोट हळूच त्याच्याकडे नेतो. हरीण बिचकत नाही. ते निघून जाते, आणि क्षणात बंदुकीचा बार ऐकू येतो. शिकारी पळून गेलेले, हरीण जमिनीवर. महाकाय त्याला बोटाने उठवू पाहतो. त्या रात्री मुलगा त्याला मरण म्हणजे काय आणि आत्मा म्हणजे काय हे आपल्या बालबुद्धीप्रमाणे सांगतो. मरण सर्वांना आहे, पण आत्मा मरत नाही, असे त्याने आईकडून ऐकलेले आहे. ते ऐकून तो लोखंडी प्राणी आकाशाकडे पाहत पडून राहतो. लहान मुलांच्या चित्रपटात मृत्यूविषयी इतक्या संयमाने क्वचितच बोलले गेले असेल.

आता या मैत्रीच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. परग्रहवासी आणि मनुष्य यांच्या मैत्रीच्या कथा आपल्याकडेही झाल्या आहेत. सत्यजित राय यांनी 1962 मध्ये बंगालीत ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली. तीत भूगोल आणि बंगाली शिकविणारा गावचा गरीब मास्तर आहे. सारा गाव त्याची टिंगल करतो. बांबूच्या बनात उतरलेला आंग नावाचा परग्रहवासी त्याला भेटतो आणि एवढेच समजावतो की, मुकाट्याने अपमान गिळणे बरे नव्हे. दुसऱ्या दिवशी तो मास्तर बैठकीतल्या थट्टेखोरांना खडखडीत बोल सुनावतो आणि बाहेर पडतो. याच कल्पनेतून रायांनी 1967 मध्ये ‘द एलियन’ या चित्रपटाची संहिता सिद्ध केली. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरते आणि हाबा नावाच्या गरीब पोराशी त्या पाहुण्याची गट्टी जमते, अशी ती गोष्ट. हॉलिवूडशी बोलणी झाली, आणि चित्रपट झालाच नाही. 1982 साली ‘ई. टी.’ हा अमेरिकन चित्रपट आला तेव्हा जाणत्यांना रायांच्या त्या संहितेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. हे दोन्ही पाहुणे निरुपद्रवी आहेत. त्यांचे भय वाटणे हा भिणाऱ्याचा भ्रम आहे. बडोद्याच्या कॅमेऱ्याची आवई भ्रमच होती, तसा.

लोखंडी महाकायाचे तसे नाही. तो खरोखरच शस्त्र आहे. आकाशातून पडताना त्याच्या डोक्याला पोचा आला आणि आपण कोण हे तो विसरला, एवढेच. हॉगार्थ खेळता खेळता त्याच्यावर खोटी बंदूक रोखतो, आणि त्याचे डोळे एकाएकी लाल होतात. अंगातून किरण सुटतात. मुलगा थोडक्यात वाचतो. डीन त्याला हाकलून देतो. काय घडले हे त्या बिचाऱ्यालाच ठाऊक नसते. 2015 मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत त्याच्या स्वप्नाचा एक प्रसंग घातला आहे; त्यात त्याच्यासारख्याच असंख्य लोखंडी योद्ध्यांच्या रांगा चालून जात आहेत. म्हणजे गावाला वाटणारी भीती निराधार नव्हती. निरुपद्रवी पाहुण्याला पाट मांडण्यात फारसे शौर्य नाही. ज्याच्या हाती आपला नाश आहे हे आपल्याला कळले आहे, त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न या चित्रपटाने एका नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात टाकला आहे.

मूळ कथा इंग्रज कवी टेड ह्यूज यांची. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आयर्न मॅन’ या पुस्तकात तो लोखंडी माणूस कोठून आला हे कोणालाच ठाऊक नाही. चित्रपटाने त्याला अंतराळातून आणले आणि त्याच्या अंगात शस्त्रे भरली. ब्रॅड बर्ड यांच्या बहिणीचा मृत्यू बंदुकीच्या गोळीने झाला होता. बंदुकीलाच जीव असता आणि तिला बंदूक होऊन राहावयाचे नसते तर काय झाले असते, या विचारातून आपण हा चित्रपट मांडला, असे त्यांनी सांगितले आहे. ह्यूज चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, 1998 मध्ये निवर्तले.

आता रेषेविषयी थोडेसे. या चित्रपटातली माणसे, झाडे, हरणे हातांनी चितारलेली आहेत. महाकाय मात्र संगणकावर घडविला आहे. हातांनी धातूचा जड, कठीण देह सतत एकसारखा काढणे चित्रकारांना जमेना. परंतु संगणकाने काढलेली त्याची रेषा इतकी अचूक उतरली की, हाताच्या रेषांच्या सोबतीत ती परकी दिसू लागली. तेव्हा त्यांनी अशी योजना केली की, संगणकाची रेषा मुद्दाम किंचित थरथरावी, माणसाच्या हातून निघाल्यासारखी डळमळावी. ज्याला हातांनी काढलेल्या मुलाचा मित्र व्हावयाचे आहे, त्याच्या अंगात माणसाचा कंप आणावा लागला. प्रेक्षकाला हे दिसत नाही. दोघे एका चौकटीत शेजारी बसतात आणि एकाच जगातले वाटतात, एवढेच त्याला जाणवते. आगकाडीला प्राण देण्यासाठी ती तसूभर सरकवीत बसलेल्या फाळक्यांना हा खटाटोप लगेच उमगला असता.

चित्रपटात उणे नाही असे नव्हे. सरकारी अधिकारी केंट मॅन्स्ली हे पात्र भडक रंगविले आहे. भयाने आंधळा झालेला माणूस इतका हास्यास्पद नसता, तर अधिक खरा वाटला असता; कारण शाळेतल्या त्या प्रसंगात भय किती साधेपणाने शिकविले जाते ते याच चित्रपटाने दाखविले आहे. वर्गात मुलांना अणुबाँबपासून बचावाची चित्रफीत दाखविली जाते. बाँब पडला की बाकाखाली शिरा आणि डोके झाका. ज्या बाँबने हिरोशिमाच्या इमारती कोसळल्या त्याच्यापुढे लाकडी बाक! अशा धड्यांवर तेव्हा अमेरिकेतली मुले खरोखर वाढली होती.

याच मॅन्स्लीच्या आततायीपणामुळे शेवटी सैन्य येते, रणगाडे येतात. मुलगा ठार झाला असे वाटून महाकायाच्या अंगातली सारी शस्त्रे उघडतात आणि सैन्याची दाणादाण उडते. मुलगा शुद्धीवर येऊन त्याच्यापुढे उभा राहतो, आणि शस्त्रे हळूहळू मिटतात. एवढ्यात मॅन्स्ली समुद्रातल्या नॉटिलस पाणबुडीवरून अण्वस्त्र सोडण्याचा हुकूम देऊन बसतो. ते महाकायावर पडणार, म्हणजे गावावरच पडणार. बाकाखाली शिरण्यात अर्थ नाही हे आता सर्वांना कळते. महाकाय मुलाला सांगतो की, तू येथेच थांब. आणि त्या अस्त्राला सामोरा जाण्यासाठी एकटा आकाशात झेप घेतो. मुलाने त्याला चित्रांच्या पुस्तकातला सुपरमॅन दाखविला होता आणि दुष्ट यंत्रमानवही दाखविला होता. दोहोंपैकी काय व्हावयाचे ते त्याचे त्याने ठरविले.

2002 साली आलेल्या ‘लिलो अँड स्टिच’ या डिस्नेच्या कार्टूनपटातही विध्वंसासाठीच घडविलेला परग्रहावरचा जीव हवाई बेटावरच्या एका पोरक्या मुलीच्या घरी येतो आणि त्या घरचा होतो. तो चित्रपट गोड आहे, त्याची जलरंगांतली पार्श्वभूमी रमणीय आहे, आणि त्याला लोकाश्रयही उदंड मिळाला. लोखंडी महाकायाच्या वाट्याला तो आला नाही. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत त्याला सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर मिळाले. खर्च याच्या दुपटीहून अधिक होता. कंपनीने जाहिरात नीट केली नाही असे म्हणतात. पुढे दूरचित्रवाणीवर आणि घरोघरच्या फितींवर मुलांनी तो शोधून काढला. त्या मुलांना आता मुले आहेत.

त्या झेपेनंतर गावात महाकायाचे स्मारक उभे राहते. सेनापती हॉगार्थला एक लहानसे पाकीट पाठवितो. स्फोटानंतर हाती लागलेला महाकायाचा एकच अवशेष त्यात आहे, एक लोखंडी स्क्रू. मुलगा तो उशाशी ठेवून झोपतो. रात्री खोलीत हलकासा टिकटिक आवाज होऊ लागतो. स्क्रूवरचा दिवा लुकलुकत आहे, आणि तो स्क्रू खिडकीच्या काचेवर धडका देत आहे. महाकायाचे तुकडे आपापल्या जागी कसे परत जातात हे मुलाने पूर्वी पाहिले आहे. मित्राची तेवढीच एक खूण त्याच्याजवळ उरली आहे. तो अंथरुणातून उठतो, खिडकीशी जातो आणि खिडकी उघडतो.